चौदा माणसं पाहिजेत

सकाळी नऊला नऊ जणांना मुलाखतीला बोलावलं होतं. साडेनऊपर्यंत दोघं आले. पहिल्याने खुर्चीत नीट टेकायच्या आतच विचारलं की आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येईल का. मुलाखत घेणारी मॅनेजर मॅडम त्याला काचेच्या खिडकीपाशी घेऊन गेली. खाली चार धुलाई मशीनं घरघरत होती, एकेक माणूस उभा मावेल एवढं मोठं. त्यातलं कुठलं घरी नेणार, असं तिने विचारलं. तो हसला, तीही हसली, आणि पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला तो गेलाच.

दुसरा चाळिशीचा होता. पगार, वेळ, सुट्ट्या, काही म्हणजे काही विचारलं नाही त्याने. गुडघ्यावर पिशवी धरून शांतपणे म्हणाला, "पुन्हा सगळं बंद पडलं तर काय?"

"तसं काही होणार नाही आता," मॅडम म्हणाली.

त्याने मान हलवली आणि उद्या कळवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला, तर अर्धी रिंग वाजून कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

कारखाना धुलाईचा होता. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं, दोन-तीन लहान दवाखान्यांचे गाऊन. सकाळी गठ्ठे यायचे. छाननी होऊन, धुऊन, वाळून, तापलेल्या रोलरखालून सपाट होऊन आणि घडी घालून संध्याकाळी परत जायचे. साथीच्या आधी तिथे बावन्न माणसं होती. आता एकतीस उरली होती. मालकाने मात्र तीनशे खाटांच्या एका हॉस्पिटलचं काम घेऊन टाकलं होतं, तेही पुढच्या एक तारखेपासून. मॅडमला केबिनमध्ये बोलावून त्याने सांगितलं, तीन आठवड्यांत चौदा माणसं पाहिजेत. सोड्याच्या चौदा गोण्या मागवाव्यात तसं सांगितलं.

मॅडमने जाहिरात दिली. पाठोपाठ माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला फोन केला. एजन्सीने सहा जण पाठवले. त्यातले दोघं रोलरची धग पाहूनच मागे फिरले, तिघं जेवायला गेले ते आलेच नाहीत, आणि सहावी बाई चार दिवस मन लावून काम करून पाचव्या दिवशी मेसेज करून गेली, 'सॉरी मॅडम, गोडाऊनला लागले, तिथे एसी आहे.' जाहिरात वाचून आलेल्या एकाने नेमणुकीचं पत्र घेतलं, सही केली, सोमवारी येतो म्हणून हात मिळवला, आणि सोमवारी त्याचा फोनच बंद. पूर्वी एका जागेसाठी बाहेरच्या बाकावर आठ जण बसलेले असत आणि ओळखीपाळखीच्या चिठ्ठ्या येत. आता मॅडमच लोकांच्या मागे लागली होती, आणि लोक तिला उद्या या म्हणत होते.

तिला एका जागी बसवेना. दिवसातून वीस वेळा लोखंडी जिना चढायची-उतरायची. खाली गेलं की वरचा फोन वाजल्यासारखा वाटे, वर आलं की खाली काहीतरी बिघडल्यासारखं. घरी जेवताना ती ताटातला घास हातात धरून विचार करत बसे. नवरा म्हणे, "निदान तो घास तरी कामाला लाव." एरवी ती हसली असती.

आणि तो एक प्रश्न. ज्याला त्याला तोच प्रश्न. विशीतली पोर असो की पन्नाशीचा ड्रायव्हर, सगळी मुलाखत झाली की शेवटी, उठता उठता, पुन्हा बंद पडलं तर काय? जणू कुणी पाठ करून पाठवलं होतं. मॅडम प्रत्येकाला तेच उत्तर देई, आणि उत्तर देताना टेबलावरचे कागद सरळ करी.

कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे कात्री. हे तिला ठाऊक होतं. हे नाव दोन वर्षांपूर्वी पडलं.

तेव्हा हॉटेलं बंद झाली होती. मशीनं आठवड्यातून एक दिवस फिरत. मालकाने एकवीस माणसं कमी करायला सांगितली आणि कोणती ते तिच्यावर सोडलं. तिने ती यादी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून केली. दोन दिवस लागले. एकवीस नावांत पहिलं नाव तिने आपल्या नणंदेचं घातलं.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. अकरा वर्षं ती घडीच्या टेबलाची प्रमुख होती. सगळा कारखाना तिला ताई म्हणे, घरात मॅडमही ताईच म्हणे. खरं तर मॅडमला या कारखान्यात आणलं ते ताईनेच. भावाची नवी नवरी हिशेबाला चांगली आहे, तिला हजेरीच्या रजिस्टरवर बसवा, असं जुन्या मॅनेजरला सांगून. तिथून ती वर चढत गेली आणि ताई जिथल्या तिथे, टेबलापाशी, आनंदात राहिली. म्हणूनच ते नाव पहिलं घातलं. मॅडमने घरचं माणूस वाचवलं असं कुणी म्हणायला नको. मग वकिलाने लिहून दिलेला एक कागद समोर ठेवून तिने एकवीस फोन केले. एकेक फोन दीड मिनिटाचा. ताईलाही तोच कागद वाचून दाखवला. ताई शेवटी फक्त "बरं" म्हणाली.

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं. भांडण झालं नाही, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे घर. पण नवरा दर रविवारी एकटाच बहिणीकडे जाई आणि आल्यावर तिकडचं अवाक्षर काढत नसे. मॅडम विचारत नसे. आतून मात्र प्रत्येक रविवारी ती कपाटं आवरायला घेई.

एक तारीख तेरा दिवसांवर आली तेव्हा तिच्याकडे चौदातली तीन माणसं होती. त्या दिवशी तिने पत्रकं छापून घेतली आणि दुपारी पाळी बदलायच्या वेळेला गोडाऊनच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. लोक घरबसल्या मागवतात त्या वस्तूंची खोकी इथून सुटत. साथीत वाढलं ते हेच एक. कंपनीच्या तीन बस येऊन थांबल्या. उतरणाऱ्यांत तिला ओळखीचे चेहरे दिसले. छाननीतली मायलेकींची जोडी, ड्रायरवरचा उंच माणूस. त्यांनीही तिला पाहिलं, आणि तोंडं फिरवून फाटकातून आत गेले. मॅडमच्या हातातली पत्रकं तशीच राहिली.

एकजण मात्र थांबला. रोलरवरचा जुना कारागीर. वाफेवर काम करायचा आणि स्वतःही लगेच तापायचा, म्हणून सगळे त्याला वाफ्या म्हणत. त्याने तिच्या हातातलं पत्रक घेतलं, पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"पगार बरा लिहिलाय," तो म्हणाला.

"मग ये ना. तुझ्यासारखा रोलर कुणाला जमत नाही."

"पगाराचं नाही हो, मॅडम." तो तापला नव्हता, याचंच तिला जास्त वाटलं. "तुमचा फोन आला तेव्हा माझी आई ऑक्सिजनवर होती. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही पुढचं वाक्य वाचलंत. मी तीनदा मॅडम, मॅडम म्हणालो. तुम्ही वाचतच होतात."

आई आता कशी आहे, एवढं तिने विचारलं. बरी आहे, चालती-फिरती आहे, तो म्हणाला. मग जाता जाता असंही म्हणाला की इथे उभं राहून काही उपयोग नाही, बोलावणं आलं की सगळे आधी ताईंना विचारतात, जाऊ की नको ते.

मॅडमच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला, आणि तो रागाचा होता. म्हणजे हे असं आहे तर. आपण इथे जिवाचं रान करतोय आणि तिकडे घरचंच माणूस आपल्या पायाखालची सतरंजी ओढतंय. ती ऑफिसला परत गेलीच नाही. तरातरा चालत, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून, दोन वर्षांत पहिल्यांदा नणंदेच्या दारात गेली.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर भिंतीला लागून इवल्या इवल्या चपला-बुटांची रांग होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका रेषेत. आत समोरच्या खोलीत सतरंजीवर सहा मुलं झोपली होती. प्रत्येकाच्या उशाशी एक रुमाल, तीन घड्यांत, कडेला कडा जुळवून. सातवं मूल ताईच्या खांद्यावर होतं. ताई त्याला थोपटत येरझाऱ्या घालत होती. मॅडमला पाहून तिने ओठावर बोट ठेवलं आणि आत यायची खूण केली.

भांडण कुजबुजत करायची दोघींचीही ती पहिलीच वेळ.

"माझी माणसं तुम्ही अडवताय, ताई."

"मी कुणाला अडवत नाही. जुन्यांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे मला फोन येतात. जाऊ का, विचारतात. मी म्हणते जा. काम स्वच्छ आहे, पगार तारखेला होतो, मॅडम खडूस आहे पण लबाड नाही." ताई वळली, खोलीच्या त्या टोकापर्यंत गेली, परत आली. "फक्त एक विचारून घे, म्हणते. पुन्हा बंद पडलं तर काय."

मॅडमच्या काखेतला गठ्ठा घसरला, तो तिने सावरला.

"मग ते मला उत्तर सांगतात. तसं काही होणार नाही, असं म्हणाल्या. हे तुला कुणी सांगितलं गं? मागच्या वेळी कुणाला ठाऊक होतं?"

"मग मी काय सांगू? मला तरी काय माहीत?"

"तेच सांग की."

खांद्यावरचं मूल चुळबुळलं. ते शांत होईपर्यंत ताईने आणखी दोन फेऱ्या मारल्या. मॅडमच्या रागाला बसायला जागा मिळेना. ओरडता येत नव्हतं, आणि हळू आवाजात तो राग तिला स्वतःलाच खोटा वाटायला लागला. तिने पत्रकं खाली ठेवली. म्हणाली, मी चुकले असेन, पण माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?

"तेच केलं असतं," ताई म्हणाली. "तुझं नाव मीही पहिलं लिहिलं असतं. यादीचं मला काही नाही. पण तू संध्याकाळी इथे यायचंस. दोन गल्ल्यांवर घर आहे. तू मला फोन केलास, आणि कागद वाचून दाखवलास. मला. 'आपल्या सेवेबद्दल व्यवस्थापन आपले आभारी आहे.' मी इतकी वर्षं तुझ्या डब्यातली भाजी खाल्ली, आणि तू मला आपले आभारी आहे."

इतका वेळ हलकं ठेवलेलं तिचं बोलणं शेवटी जरा चढलं, आणि सतरंजीवरचं एक मूल उठून बसलं. मग दुसरं. मग पाणी पाहिजे, शू लागली, याने माझा रुमाल घेतला, असं सगळं एकदम सुरू झालं. मॅडमने एकाला उचललं, कारण ते तिच्या पायाशीच उभं राहून रडत होतं. त्या गोंधळातच तिने विचारलं की ताई, तुम्ही परत येता का, घडीच्या टेबलावर. ताईने आजूबाजूला हात फिरवला. या मुलांच्या आया कामाला गेल्यात, त्यांना काय सांगू, म्हणाली. फोन करून कागद वाचून दाखवू?

दुसऱ्या दिवशी मॅडम मालकाच्या केबिनमध्ये गेली. तिने मागितलं ते असं: पुन्हा कारखाना बंद ठेवावा लागला तर प्रत्येकाला तीन महिने अर्धा पगार, कुणाला काढायचं झालं तर महिनाभर आधी समोर बसवून सांगणं, आणि हे सगळं नेमणुकीच्या पत्रात लिहून. मालक आधी हसला. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, "उद्याचं कुणी लिहून देतं का?" तिने सांगितलं की त्याशिवाय माणसं येणार नाहीत. मालकाचं म्हणणं पडलं की माणसं येतात, शोधणाऱ्याला शोधता यायला हवीत. नसेल जमत तर तसं सांगा. याचा अर्थ तिला कळला. ती जिना उतरून खाली गेली, पुन्हा वर आली, खुर्चीत बसली आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.

ही एक बाई होती, पूर्वी सिनेमागृहात तिकिटं फाडायची. ते थिएटर साथीत बंद झालं ते उघडलंच नाही. तिनेही उठता उठता विचारलं.

"मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाली. "मालकांकडे मी लिहून मागितलंय. अजून दिलेलं नाही. देतील की नाही तेही सांगता येत नाही."

बाई पुन्हा बसली. थिएटरवाल्यांनी शेवटपर्यंत उघडू उघडू म्हणत ठेवलं, असं तिने सांगितलं, आणि त्या भरवशावर तिने दुसरीकडची एक चांगली जागा घालवली. ती उद्यापासून येते म्हणाली. खरोखर आली. पण तेच उत्तर ऐकून त्या आठवड्यात चार जण उठून गेले, हेही खरंच. एक तारीख उजाडली तेव्हा मॅडमकडे चौदातले पाच होते.

हॉस्पिटलची पहिली गाडी सकाळी सहाला आली. दोन हजार चादरी. दुपारी दुसरी गाडी आली तेव्हा पहिल्या गाडीचे गठ्ठे अर्धे पडून होते. मॅडमने बाह्या दुमडल्या आणि छाननीला उभी राहिली. हिशेबनीस घडीच्या टेबलावर गेला. त्याच्या घड्या पाहून सगळ्या बायका तोंड फिरवून हसल्या. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन आला, की ऑपरेशनच्या खोलीत कापडं नाहीत, तुम्हाला झेपत नसेल तर तसं लिहून द्या. त्या दुपारी मालक स्वतः कोट काढून रोलरपाशी आला. मॅडमने त्याला चादरीचं एक टोक दिलं. दोन दिवस तो ते टोक धरत राहिला. हात भाजले, पण ऐट मोडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा गठ्ठा उचलायला वाकला तो सरळच होईना. दोघांनी धरून त्याला तिच्या खुर्चीत बसवलं.

"काय लिहून मागत होतात तुम्ही?" कमरेवर हात ठेवून त्याने विचारलं.

तीन महिन्यांचे दीड महिने झाले. बाकी सगळं तिने मागितलं तसंच राहिलं. मालकाने बसल्या बसल्या सही केली.

मॅडमने जुनी यादी काढली. एकवीसमधून ताईचं नाव वगळून वीस. त्यांना ती फोन करणार नव्हती. रोज संध्याकाळी कामावरून सुटली की दोन घरं, रविवारी चार, असं ठरवून ती पायी निघे. जिन्यात उभी राहून ती दोन-दोन मिनिटं बेल दाबत नसे. मालकाच्या सहीचा कागद पिशवीत असे, पण तो ती आधी काढत नसे. मागच्या वेळी मी चुकीचं वागले, हे आधी. मग काम. मग, बंद पडलं तर काय, ते न विचारताच.

काहींनी दारातूनच परत पाठवलं. एकीच्या नवऱ्याने जे मनात होतं ते सगळं बोलून घेतलं आणि बायको आतून "पुरे आता" म्हणेपर्यंत थांबला नाही. ड्रायरवरचा उंच माणूस म्हणाला की गोडाऊनमध्ये माझे गुडघे गेले, पण तिथे मला नावाने कुणी ओळखत नाही तेच बरं आहे. मायलेकींनी बसवून सरबत दिलं आणि नाही म्हणाल्या.

अकराव्या घरी एका बाईने दार उघडलं. मॅडमने तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. तो बॉयलरवर होता. गप्प स्वभावाचा, कामावर चष्मा दोरीने गळ्यात बांधून ठेवायचा.

"त्यांना बोलावलंय का?" बाईने विचारलं.

"हो. जागा आहे त्यांची."

"ते गेले. तुमच्याकडून सुटल्यावर चौथ्या महिन्यात."

मॅडमला हे माहीत नव्हतं. कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा होतं आणि तिला कुणी सांगितलं नाही. बाईने तिला आत घेतलं, पंखा लावला. आजार तोच, सगळ्यांचा होता तो. ती दोष देत नव्हती. तिचं एवढंच म्हणणं होतं की कारखान्यातल्या त्यांच्या कपाटात कामाचे कपडे आणि एक वही असेल, त्या वहीत ते बॉयलरच्या नोंदींच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचे, ती मिळाली तर बरं होईल. मॅडम दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन स्वतः कपाटांच्या खोलीत गेली. कुलूप तोडलं. वही होती. मागच्या पानांवर मशीनं होती, पाईप होते, जिना होता, आणि एका पानावर हातात कागद धरून जिना उतरणारी एक बाई. चेहरा काढलेला नव्हता. ती वही नेऊन देताना मॅडमने ते पान फाडलं नाही, आणि त्याबद्दल काही बोललीही नाही.

वीस घरांतून सातजण परत आले. वाफ्या त्यात होता. त्याने कागद तीनदा वाचून घेतला, मग ताईंना फोन करून तो पुन्हा वाचून दाखवला, आणि मगच हो म्हणाला. नव्या पाचातला एक सोडून गेला. मिळून अकरा झाले. मालकाने कपाळाला आठ्या घालून एका हॉटेलचं काम सोडलं, आणि गाडी कशीबशी रुळावर आली.

परत आलेल्यांत चार बायका लहान मुलांच्या आया होत्या. त्यांनी अट घातली. कारखाना सहाला सुरू होतो, मुलं कुठे ठेवायची? मॅडमला पुन्हा ताईकडे जावं लागलं, यावेळी मागणारी म्हणून. ताईने वही-पेन्सिल घेऊन तिची मुलाखतच घेतली. किती मुलं, वयं काय, आई उशिरा सुटली तर जबाबदार कोण, आजारी मूल पाठवणार नाही याची हमी कोण देणार. मॅडमने एकेक उत्तर दिलं. जिथे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणाली. मदतीला आणखी एक बाई लागेल, तिचा पगार कारखान्याने द्यावा, हेही ताईने मान्य करून घेतलं. संपूर्ण वेळ ती तिला मॅडम म्हणत होती. उठताना म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. सोमवारपासून साडेपाचला दार उघडीन."

मॅडमला ते लागलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, की तुझी बहीण मला मॅडम म्हणते. नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "तू रविवारी ये एकदा. कामाशिवाय."

ती गेली. तिसऱ्या रविवारी गेली. पहिले दोन रविवार काही ना काही निघालं. मुलं नव्हती, त्यामुळे खोली एकदम मोठी वाटत होती. भाऊ-बहीण लहानपणीच्या कुठल्याशा सायकलवरून वाद घालत होते, ती कुणी मोडली यावरून. मॅडम खुर्चीच्या कडेवर बसली होती. ताई चहा करायला आत गेली आणि तिथूनच बोलत राहिली. एक मूल दुपारी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतं आणि बाकीच्यांच्या पायांना गुदगुल्या करतं, त्याच्या आईला सांगू की नको. मॅडम म्हणाली, नका सांगू, ती बिचारी आधीच सगळ्यांची माफी मागत फिरते. ताई हसली. पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. रोलरवरचा रविवारचा माणूस आला नव्हता. गोडाऊनला लागला म्हणत होते. हॉस्पिटलची गाडी तासाभरात येणार होती आणि वाफ्या एकटाच होता. तिने फोन खाली ठेवला आणि तशीच बसून राहिली. उठायचं की नाही ते तिला कळेना. पाय मात्र चपलांच्या दिशेने वळले होते.

ताई दाराशी आली, हातात गाळणं. तिने ऐकलं होतं सगळं.

"जा," ती म्हणाली. "चहा झाकून ठेवते."